डाव्या गालाची बंदूक

यंदा थंडी उशिरा आली. दिवाळी होऊन महिना झाला तरी पंखा बंद करावासा वाटत नव्हता. मग एका सकाळी शिलाई मशीनवर बसले तर पायडलचं लोखंड तळपायाला गार लागलं, आणि कळलं, आली. पुणे रस्त्याला हुरड्याच्या पाट्या लागल्या. केडगावच्या बाजारात ओल्या हरभऱ्याच्या जुड्या दिसू लागल्या. आमच्या घराच्या मागच्या बोळात या दिवसांत सकाळी दहाला उन्हाची एक पट्टी उतरते आणि भिंतीवरून सरकत सरकत अकराच्या सुमाराला निघून जाते. ती पट्टी दिसली की माझा उजवा दंड आपोआप भरून येतो. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यानं त्याला लावलेली ती सवय आहे.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघं नवरा-बायको रोज सकाळी त्या बोळात छर्‍याची बंदूक चालवत होतो. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्याकडे नीट बघतात. मी ब्लाउज शिवते. आमचे हे, भाऊसाहेब, एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर टर्नर. लोखंडाचा गोल तुकडा, त्याला हे जॉब म्हणतात, मशीनवर फिरवत ठेवायचा आणि हत्यार टेकवून हवा तसा कापायचा, हे ह्यांचं काम. आम्ही दोघांनीही जन्मात बंदूक हातात धरली नव्हती. जत्रेत फुगेसुद्धा कधी फोडले नव्हते.

बंदूक माझ्या भावाची. दत्ता जामखेडकडे शेती करतो. ज्वारीच्या कणसात दाणे भरले की पाखरं उतरतात, म्हणून त्यानं ती स्वस्तातली बंदूक आणली होती. मारायचं काही नव्हतं, नुसता आवाज काढायचा होता. एका उन्हाळ्यात तो ती पोत्यात गुंडाळून आमच्याकडे घेऊन आला.

"आक्का, पाखरं लई हुशार झाल्यात," तो म्हणाला. "दोन दिवस उडाली. तिसऱ्या दिवशी नळीवरच येऊन बसायची तेवढी बाकी ऱ्हायली. आन् आता ह्याच्यात हवाच ऱ्हाईना. दाजीला बघू दी जरा."

दाजींना तेव्हा वेळ नव्हता. पोतं माळ्यावर गेलं.

त्याच वर्षी गणपती उठल्यावर आठ दिवसांनी ह्यांच्या डोळ्याला लागलं. घाम पुसायला म्हणून चष्मा काढला आणि तेवढ्यात लोखंडाची चिप उडून उजव्या डोळ्यात गेली. चूक कोणाची नव्हती. असली तर ह्यांचीच, असं हे स्वतःच म्हणतात. दोन ऑपरेशनं झाली. उजव्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी समोर बसवून सांगितलं. तीन महिने वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कशालाच जोर लावायचा नाही. दुसरा डोळा शाबूत आहे, तो हळूहळू शिकेल.

"डोळा काय शिकणार?" हे बाहेर आल्यावर म्हणाले. पुढं बरेच दिवस एवढं लांब वाक्य बोलले नाहीत.

एका डोळ्यानं दिसतं सगळं. फक्त वस्तू किती लांब आहे ते कळत नाही. मला हे आधी माहीत नव्हतं. ह्यांनी तांब्यातून ओतलेलं पाणी पेल्याच्या बाहेर पडायचं. जिना संपला असं समजून पाय टाकला की आणखी एक पायरी निघायची. मी हातात ताट द्यायला गेले की ह्यांचा हात ताटाच्या अलीकडेच मिटायचा. आणि हा माणूस बावीस वर्षं लेथवर उभा राहिलेला. केसाएवढा फरक बोटाला लागायचा ह्यांच्या. कारखान्यातून निरोप आला होता की गुढीपाडव्यापर्यंत आराम करा, मग लेथवर उभे राहून बघा, मग ठरवू. त्या 'मग ठरवू'चा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता. हे खाटेवर बसून भिंतीकडे बघायचे. मी मशीन चालवायची. मशीन थांबलं की घर फार शांत व्हायचं, म्हणून मी जास्त वेळ चालवायची.

चिंध्यांचं गाठोडं काढायला एकदा माळ्यावर चढले आणि ते पोतं खाली आलं.

"दत्त्याची ना ती?" ह्यांनी विचारलं. महिन्याभरात ह्यांनी आपणहून विचारलेली ती पहिली गोष्ट. मी पोतं सोडून बंदूक खाटेवर ठेवली.

या बंदुकीत स्प्रिंग नसते, हवा भरायची असते. नळीच्या खाली एक दांडी असते. ती पुढं उघडायची आणि दाबून परत मिटवायची, की एक पंप झाला. जितके पंप तितका छर्रा जोरात. सायकलला हवा भरतो तसंच. दत्ताच्या बंदुकीत भरलेली हवा फुसफुसत निघून जायची. ह्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि ती खोलली. मोठे भाग बोटांनी ओळखून बाजूला लावले. बारीक स्क्रू मात्र सापडेनात, तेव्हा मी शेजारी बसले. "तो छोटा बघ. आटे झिजलेत का त्याचे?" मी उजेडाकडे धरून बघायची आणि सांगायची. आतली रबराची रिंग वाळून तडकली होती. ती घेऊन मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. तीनदा चुकीची आणली, चौथी बसली. तेल माझ्या मशीनचंच घातलं. पुन्हा जोडून दांडी मिटवली तर फुसफुस गेली होती आणि ठक्क असा घट्ट आवाज आला. हे नुसते दांडीवर हात ठेवून बसून राहिले.

मग पंप मारायला म्हणून उठले. मी दांडी धरली.

"जोर लावायचा नाही."

"मग कोण लावणार?"

"मी."

पहिले दोन पंप हलके जातात. तिसऱ्याला हवा अडायला लागते. पाचव्याला दांडी हातातून निसटून जाईल असं वाटतं. आमच्या बोळाला पाचच पुरे होते. मागच्या भिंतीपाशी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आडवा ठेवला, त्यात ब्लाउजच्या चिंध्या आणि रद्दी दाबून भरली, तोंडाला पुठ्ठा लावला आणि त्यावर जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू बाहेर करून चिकटवली. मधोमध शिलाईच्या रंगीत खडूनं एक ठिपका. स्वयंपाकघराची खिडकी बंद करायची, बोळाच्या फाटकाला लाल अस्तराचा तुकडा बांधायचा. तुकडा दिसला की कोणी आत यायचं नाही, असं शेजारी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी एकही छर्रा पत्रिकेला लागला नाही. हे सवयीनं बंदूक उजव्या खांद्याला लावायचे आणि मग डावा डोळा नळीमागं आणायला मान अशी मुरडायचे की बघवत नव्हतं. डाव्या खांद्याला लावली तर मागचा प्लॅस्टिकचा दस्ता गालाला बसेना, तो उजव्यासाठीच घडवलेला होता. बंदूक भिंतीला टेकवून हे आत गेले आणि पुन्हा खाटेवर बसले. मला वाटलं, संपलं हे.

संध्याकाळी रफिकभाई आले. आमच्या पलीकडच्या गल्लीत त्यांचं सुतारकाम चालतं. ह्यांच्या दुखण्यात ते दर दोन दिवसांनी येऊन बसायचे, बोलायचे कमी. त्यांनी बंदूक हातात घेऊन फिरवली.

"भाऊसाहेब, मान कशाला मोडायची?" ते म्हणाले. "लाकूड आहे माझ्याकडं. बंदूक मोडू."

दस्ता करायला आठवडा गेला. कोणाच्या तरी पलंगातून उरलेला सागाचा तुकडा होता. रफिकभाईंनी माप मागितलं, ते मी टेपनं घेतलं. खांद्यापासून कोपरापर्यंत, कोपरापासून बोटापर्यंत, गालाच्या हाडापासून खांद्यापर्यंत. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, ह्यांचं माप मी कधी घेतलं नव्हतं. शर्ट विकतचेच. दुखण्यात खांदे किती उतरले होते, ते मला टेप लावल्यावर कळलं. रफिकभाई रोज थोडं तासून आणायचे, हे गाल टेकवून बघायचे, "इथं टोचतंय" म्हणायचे, रफिकभाई पेन्सिलीनं खूण करून परत न्यायचे. ब्लाउजच्या ट्रायलसारखंच चाललं होतं. शेवटी गालापाशी लाकूड किंचित फुगीर राहिलं, त्यावर मी फोम लावून मऊ कापड शिवलं.

नेम बघायची प्लॅस्टिकची पट्टी हलत होती. त्याऐवजी मधोमध बारीक भोक असलेली पितळेची चकती बसवायची, हे ह्यांनी ठरवलं. लेथवर पाच मिनिटांचं काम. इथं पितळेचा तुकडा, कानस आणि एक डोळा. चार दिवस घासत होते. घासायचं, अंगठा फिरवायचा, पुन्हा घासायचं. उन्हात पितळेचा भुगा ह्यांच्या बोटांवर चमकायचा. माझ्याकडे बघायला दिली तर मला ती पहिल्याच दिवशी गोल वाटली होती. ह्यांना चौथ्या दिवशी वाटली.

दरम्यान, हवा टिकते का ते बघायला रोज पंप मारून माझ्या तळहाताला फोड आले होते. मी काही बोलले नव्हते, भाकरी थापताना हात झटकायची तेवढंच. एका सकाळी बोळात गेले तर पंपाच्या दांडीला लाकडाची मूठ बसलेली. रफिकभाईंचं लाकूड, पण आकार ह्यांनी दिलेला. मी धरली तर माझी चारही बोटं खाचांत जाऊन बसली. ह्यांनी माझ्या हाताचं माप कधी घेतलं ते मला अजून माहीत नाही. विचारलं नाही.

सगळं जुळल्यावर पहिला छर्रा रफिकभाईंनी मारावा असं हे म्हणाले. रफिकभाई उजवे. ते कसेबसे दस्त्याला गाल लावून उभे राहिले, एक डोळा मिटला आणि चाप ओढला. छर्रा भिंतीला लागून टणकन कुठं तरी गेला. सगळे दचकलो. त्यानंतर डब्याच्या मागं जुनी गादी उभी केली.

"तुम्ही डोळा का मिटला?" ह्यांनी त्यांना विचारलं.

"मिटावाच लागतो ना. दोन्ही उघडे ठेवले तर एकाचे दोन दिसतात," रफिकभाई म्हणाले आणि बंदूक ह्यांच्या हातात दिली.

दुपारी जेवताना हे भाकरी मोडता मोडता मध्येच थांबून म्हणाले, "म्हणजे सगळेच मिटतात." आणि पुन्हा जेवायला लागले.

तिथून पुढचे दोन महिने मला एकाच लांब सकाळीसारखे आठवतात. गार फरशी, बोळात उतरलेलं ऊन, तेलाचा आणि नव्या सागाचा वास. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या बोरांवर एक कावळा डोळा ठेवून असायचा, तो आमच्या ठक्कन होणाऱ्या आवाजाला दत्ताच्या पाखरांसारखाच लवकर सरावला. मी मोजून पाच पंप मारायची, छर्रा आत ठेवून बंदूक द्यायची, मागं सरकायची. हे श्वास अर्धा सोडायचे. ठप्. चिंध्यांत शिरलेल्या छर्‍याचा आवाज मऊ असतो, पुठ्ठ्याच्या कडेला लागला तर कोरडा. बघायच्या आधीच आम्हाला कळायला लागलं होतं. पुण्याहून मुलीचा फोन यायचा. "बाबा काय करतायत?" "बंदूक चालवतायत." "आणि तू?" "मी हवा भरतेय."

मग एक दिवस हे म्हणाले, "तूही मार एक." रोज बघत आले होते तसाच डावा गाल टेकवून मी मारला. ठिपक्याला लागला. दुसरा मारला, तोही लागला. बारीक सुईत दोरा ओवण्यात माझं आयुष्य गेलेलं, हात कापत नाही, डोळे दोन्ही चांगले. मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी तिसरा, चौथाही मारला. पाचव्याला मागं वळून बघितलं तर हे आत निघून गेले होते.

चार दिवस हे बोळात आले नाहीत. "तूच मार. मला ऐकू येतं," म्हणाले. पाचव्या दिवशी मी जबरदस्तीनं घेऊन गेले आणि ठरवून बाहेर मारायला लागले. एक पत्रिकेच्या कोपऱ्यात, एक खाली, एक गादीवर. हे भिंतीला टेकून बघत होते.

"मंगल, मुद्दाम चुकवतेस."

"नाही हो. हात दुखतोय आज."

"बावीस वर्षं माप घेतोय मी. चुकलेलं आणि चुकवलेलं मला कळतं." आवाज चढला नव्हता. "माझ्यासाठी खोटं माप काढू नको. मला खरं माप पाहिजे. तुझा कुठं लागतो ते दिसलं, तरच माझा कुठं जातोय ते कळेल."

मला रडू येत होतं, पण मी पंप मारले आणि ठिपक्यावर मारला. मग बंदूक ह्यांना दिली. ह्यांनी सलग दहा मारले, पत्रिका काढून आणली, खाटेवर ठेवून तिच्यावर बोट फिरवत बसले. सगळे छर्रे ठिपक्याच्या डाव्या अंगाला, खालच्या बाजूला, एका रुपयाएवढ्या जागेत होते.

"बघ," ह्यांनी मला हाक मारली. "मी पसरत नाहीये. मी एकाच जागी चुकतोय. पसरलो असतो तर इलाज नव्हता." मग पितळेची चकती सोडली, जरा उजवीकडे घेतली, तिच्याखाली कागदाची एक घडी सरकवली, पुन्हा बसवली. दुसऱ्या सकाळी दहातले सहा ठिपक्यात होते. त्या दिवशी हे अकराची उन्हाची पट्टी गेल्यावरही बोळात उभे होते.

हुरड्याच्या दिवसांत दत्ता आला. पिशवीभर कोवळी कणसं आणि बरोबर शेंगदाण्याची चटणी. शेगडीवर गोवऱ्या पेटवून हुरडा भाजला, घरभर धूर झाला. बंदूक बघून तो खूश झाला. खांद्याला लावली, गाल टेकवायला गेला आणि दस्ता त्याच्या जबड्यात घुसला. इकडून लावली, तिकडून लावली.

"दाजी, ही तं पार डावरी करून टाकली तुमी," तो म्हणाला. "आता मला काय उपयोग व्हय हिचा? ऱ्हाऊ द्या हितंच."

ह्यांनी त्याला दुसरी घेऊन देतो म्हटलं. तो नको म्हणाला. पाखरं तशीही ऐकत नाहीत.

आजही मी अधूनमधून तो डबा रिकामा करते. चिंध्यांच्या आत छर्रे चपटे होऊन बसलेले असतात, भाताच्या करपलेल्या शितांसारखे. कोणता ह्यांचा, कोणता माझा, ते ओळखता येत नाही. त्या हिवाळ्यात मी एवढे पंप मारले की उजव्या बाहीचं माप डावीपेक्षा वाढवावं लागलं होतं. लोक म्हणतात, त्या बंदुकीनं भाऊसाहेबांना उभं केलं. मला तसं नेमकं म्हणता येत नाही. पाणी पेल्यात पडायला लागलं ते कधीपासून, हेही मला आठवत नाही. डॉक्टर म्हणाले होते तसा डोळा शिकलाच असता कदाचित. पण खाटेवर बसून शिकला असता का, हे मला माहीत नाही.

त्या हिवाळ्यानंतरचा पाडवा झाला. तिसऱ्या दिवशी हे कामावर गेले. मी सकाळपासून एकच ब्लाउज दोनदा शिवला आणि दोनदा उसवला. चारला फाटक वाजलं. ह्यांनी बूट काढले, हातपाय धुतले, खुर्चीत बसले. मी चहा ठेवला.

"तीन तास लेथवर होतो," हे म्हणाले. "जॉब बरोबर निघाला. माप तंतोतंत."

मला बरं वाटलं, ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. कारण हे लगेच म्हणाले, "थांब. हत्यार जॉबला टेकलं की नाही ते मला डोळ्यानं कळत नव्हतं. आवाजावरून ओळखत होतो. दोनदा हात फिरत्या भागाच्या अगदी जवळ गेला आणि मला ते नंतर कळलं."

"कोणी बघितलं?"

"कोणी नाही. मी बघितलं ना." चहाचा कप ह्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "मग मीच मशीन बंद केलं. साहेबांना जाऊन सांगितलं, लेथ दुसऱ्याला द्या. मला तयार माल तपासायच्या टेबलावर बसवा. तिथं जॉब हलत नाही. तिथं मी चुकणार नाही."

"मग? काय म्हणाले ते?"

"म्हणाले, बरं झालं तुम्हीच बोललात. आम्हाला कसं सांगावं कळत नव्हतं."

ह्यांनी कप खाली ठेवला. मग ह्यांचे खांदे हलले आणि मला कळलं की हे रडतायत. डोळ्याला लागल्यापासून हे पहिल्यांदाच रडत होते. मी शेजारी बसले. समजूत घालायला माझ्याकडे काही नव्हतं आणि ह्यांना ती नकोही होती. बावीस वर्षांचं काम सोडून आलेल्या माणसाला थोडा वेळ लागणारच.

तोंड धुऊन आल्यावर म्हणाले, "टेबलाचं काम जनरल शिफ्टला असतं. नऊ ते साडेपाच. रात्रपाळी नाही, पाळी बदलणं नाही."

कारखान्यात लागल्यापासून हे तीन पाळ्यांत काम करत आले होते. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. ताट झाकून ठेवायचं, किंवा पहाटे उठून वाढायचं, नाही तर मी एकटीच जेवून घ्यायची. घरात संध्याकाळच्या जेवणाला ठरलेली वेळ अशी कधी नव्हतीच.

"मग रोज जेवायला कितीला बसायचं?" मी विचारलं.

ह्यांनी विचार केला. हे ठरवायची वेळ ह्यांच्यावरही कधी आली नव्हती.

"आठला बसू," म्हणाले.

त्या दिवशी आम्ही आठला जेवलो.